कानशीनं झिजवलेले बूट

माझी ताई सुतारकाम करते. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं एकाच दोराला बांधून घेऊन बर्फाच्या शिखरावर जाणार होतो. तिथं दगडाला चिकटणारे पातळ शूज कामाचे नाहीत, जाडजूड बूटच हवेत. म्हणून आम्हाला गिर्यारोहण शिकवणाऱ्या वस्तादांनी बजावलं होतं, "दर रविवारी बूट घालून गावाबाहेरच्या सोप्या कड्यांवर चढायचं. पायाला सवय इथंच लागू दे."

ताई इमानेइतबारे गेली. माझं मात्र पहिल्याच रविवारी हसं झालं. एरवी त्या कड्यांवर मी लोकांना शिकवतो, आणि बुटांत मी शाळकरी मुलींच्या वाटेवरून घसरून आपटलो. "सर, पायाला लोणी लावलंय का?" एकीनं विचारलं. ते फार झोंबलं. तेव्हापासून मी एकटाच जायचो, बूट पिशवीत ठेवायचो आणि शूजमध्ये मजेत चढायचो. ताईनं विचारलं की म्हणायचो, "झकास चाललंय." पण बूट कोरे दिसत होते. मग मी लाजलज्जा सोडून ताईच्याच अवजारांतली कानस घेतली आणि बुटांची टोकं घासून काढली.

काल वस्तादांनी परीक्षा घेतली. मी पुढं चढत दोर कड्यातल्या खिळ्यांत अडकवणार, ताई खालून तो सांभाळणार. माझे बूट बघून वस्ताद म्हणाले, "मेहनत केलीस." मी निर्लज्जासारखी मान हलवली.

"जमेल ना?" ताईनं विचारलं.

"हा तर पोरखेळ."

"नक्की?"

मी हसलो. दोन माणसांच्या उंचीवर बूट सटकला. ताईनं मला अधांतरी धरलं, पण दोरानं तिचे दोन्ही तळहात सोलवटले.

घरी तिच्या हातांना मलम लावताना मला राहवेना. "ताई, ते बूट मी चढून नाही झिजवले."

"माहितीये. परवा कानशीच्या दातांतलं काळं रबर मीच काढलं."

"मग मला पुढं का जाऊ दिलंस?"

"वर पडण्यापेक्षा इथं पडलेला बरा. म्हणून तर पाय रोवून उभी होते."

मला तिच्याकडे बघवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला वाटलं, तू सांगशील," ती म्हणाली. "दोनदा विचारलं तुला."