ओटीतले खण

दोन हजार सात साली लंडनमधल्या ईलिंगच्या आमच्या लायब्ररीला अचानक गुलामगिरीचा पुळका आला. गुलामांचा व्यापार बंद करणाऱ्या कायद्याला दोनशे वर्षं झाली होती, तेव्हा प्रदर्शन लावा, असं कौन्सिलचं फर्मान आलं. असली फर्मानं निघतात सगळ्यांच्या नावानं आणि पडतात माझ्या गळ्यात.

मी गुलाम बायकांच्या आत्मकथा मांडल्या. त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता येत नव्हतं. त्या बोलायच्या, कुणी देवभोळी मडम लिहून घ्यायची, नको ते गाळायची आणि मग ते पुस्तक चर्चमधून, सभांमधून हातोहात फिरायचं. वाचणाऱ्यांना चहातली, गुलामांच्या घामाची साखर कडू लागायची. कायदे बदलायला या बायकांचं बोलणं कामी आलं, यात शंका नाही. पण मला छळायचं ते गाळलेलं. मला वाटायचं, फार भयंकर असेल ते गाळलं असणार.

त्याच दिवसांत रश्मी आली. माझ्या मैत्रिणीची मुलगी, जन्म इथलाच. परदेशातून घरकामाला आणलेल्या बायकांना मदत करणाऱ्या एका संस्थेत ती काम करायची.

“सुचेतामावशी, एक स्टेटमेंट ट्रान्सलेट करशील? या बायका आता एम्प्लॉयर चेंज करू शकतात, गव्हर्नमेंट तो रूल काढणार आहे. मग पळाली की इल्लीगल! आम्ही एमपींना भेटतोय. शशीताईचा स्टोरी खूप स्ट्राँग आहे.”

शशी नागपूरची. एजवेअरच्या एका मराठी घरात बाळ सांभाळायला आणलेली. नवरा, मुलगी तिकडेच. पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात, अंथरूण बाळाच्या खोलीत जमिनीवर, जेवण सगळ्यांचं झाल्यावर, आणि एकटीनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. फक्त कचरा टाकायला जायचं. एका सकाळी ती कचऱ्याची म्हणून एक पिशवी उचलून बाहेर पडली आणि चालतच सुटली. अंगात स्वेटरसुद्धा नव्हता. ती पिशवी मात्र अजून सोबत होती. लायब्ररीच्या वरच्या खोलीत माझ्यासमोर बसली तेव्हाही मांडीवर.

मालकिणीला ती अजून वहिनीच म्हणायची. मला त्याचा राग यायचा.

“संक्रांतीला वहिनींकडे मोठं हळदीकुंकू असायचं,” तिनं सांगितलं. “समद्या बायकांसमोर वहिनी मला पाटावर बसवत. ओटी भरत. तांदूळ, नारळ, खण. म्हणत, शशी आमच्या घरचीच आहे. दर वर्षी भरत होत्या.”

मी ते लिहिलं आणि रश्मीला फोनवर वाचून दाखवलं.

“मावशी, ओटीवालं पार्ट कट कर ना. एमपी म्हणतील, शी वॉज ट्रीटेड वेल. आणि ओटी एक्सप्लेन कोण करणार?”

मला पटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. आपलेच दात, आपलेच ओठ. मारझोड, उपासमार गोऱ्यांना सांगता येते. पण आमचं हळदीकुंकू त्यांच्यापुढे कशाला उघडं करायचं? मी तो भाग काढून टाकला.

सही घेण्याआधी सगळं वाचून दाखवायचं, असा नियम आहे. शशी डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “ओटी काहून काढली, ताई?”

“अगं, त्यांना वाटेल तुझे लाडच होत होते.”

“वाटू द्या ना. मलाही तेच वाटलं होतं, म्हणून तर राहिली. वहिनींनी मारलं असतं तर पहिल्याच महिन्यात पळाली असती. ज्या बाईनं चार जणींत ओटी भरली, तिचं घर चोरासारखं कसं सोडायचं? हे नसेल तर ही गोष्ट माझी नाही. मी सही करणार नाही.”

मला आधी तिचाच राग आला. एवढी मदत करतोय, तर हिचे नखरे! चहा आणायच्या निमित्तानं मी खाली आले. समोर माझंच प्रदर्शन होतं. काचेआड ती पुस्तकं, आणि काचेत माझा चेहरा. मडमेच्या जागी मी जाऊन बसले होते आणि मला कळलंही नव्हतं. लाजेनं कान तापले. भयंकर तेच गाळलं जातं, असं थोडंच आहे? लिहिणारीला अडचणीचं असेल तेही जातं.

वर जाऊन मी ओटी परत घातली. शशीनं सही केली. रश्मी चिडली. “इट्स अ रिस्क, मावशी! हे नाही वर्क झालं तर सगळ्या बायकांचा लॉस आहे.” तिचं चूक नव्हतं.

पार्लमेंटमधल्या एका खोलीत शशी मराठीत बोलली, मी इंग्रजीत सांगत गेले. ओटीही सांगितली. बोलणं संपलं आणि एका वयस्कर एमपींनी अगदी सभ्यपणे तेच विचारलं.

“म्हणजे त्या कुटुंबानं तुम्हाला घरच्यासारखंच वागवलं, असं म्हणायचं का?”

रश्मीनं माझ्याकडे पाहिलं. तरी प्रश्न जसाच्या तसा मी शशीला सांगितला.

शशीनं पिशवी टेबलावर ठेवली आणि आतून खण काढले. हिरवा, जांभळा, मोरपंखी. एकेक शेजारी शेजारी मांडला. दुकानातली घडीसुद्धा मोडली नव्हती. हे ब्लाउजचं कापड, ओटीत देतात, एवढं मी समजावलं.

“एकही शिवला नाही, साहेब,” शशी म्हणाली. “नवा ब्लाउज बाहेर जाताना घालतात. वहिनी मला कुठं जाऊ देत होत्या?”

मी ते इंग्रजीत सांगितलं. वहिनीसकट, एकही शब्द न गाळता.