परस्पर दिलेली माफी

माझ्या नवऱ्याला मी माफ केलं, ही बातमी मला रविवारी चर्चमध्ये, मिस्सेच्या प्रार्थनेत, फादरांकडून कळली. तोपर्यंत मला त्याची काही कल्पना नव्हती.

आमच्या फादरांना एक खोड आहे. "रोजच्या जगण्यातला विश्वास" हा त्यांचा लाडका विषय. दर रविवारी ते आमच्यापैकी कोणाच्या तरी घरातून काहीतरी उचलतात आणि त्यात देव बसवून देतात. एकदा न्हाव्याच्या दुकानातल्या गळक्या नळातून त्यांनी दया काढली होती. एकदा बसमध्ये कोणी कोणाला जागा दिली, त्यातून थेट स्वर्गाचं राज्य निघालं. नाव कधी घेत नाहीत. "आपल्यातलीच एक भगिनी" म्हणतात आणि नेमक्या त्याच बाकाकडे असं बघतात, की सगळं चर्च माना वळवून त्या भगिनीला न्याहाळून घेतं. मीही न्याहाळायचे. माझी पाळी आली नव्हती तोवर मलाही मजा वाटायची.

माझी लाँड्री आहे. पुढे काउंटर आणि इस्त्रीचं टेबल, मागे धुण्याची खोली, वर माडीवर आम्ही राहतो. आम्ही म्हणजे मी आणि मुलगी. आता ती परगावी नर्सची नोकरी करते, म्हणजे मी एकटीच. चर्चमधली वेदीवरची कापडं आणि फादरांचा पांढरा झगा माझ्याकडेच येतो. शनिवारी फादर स्वतः न्यायला येतात, दोन शब्द बोलतात, चहा घेतात. बोलता बोलता त्यांचे डोळे दुकानभर फिरत असतात. पुढच्या प्रवचनाचा माल शोधत असतात, दुसरं काय?

नवरा अकरा वर्षांपूर्वी गेला होता. पहाटे उठला, बॅग उचलली आणि चालता झाला. भांडण नाही, तंटा नाही. नंतर कुठून कुठून कानावर आलं की कोणत्या तरी शहरात आहे, कोणाबरोबर तरी आहे, मग एकटाच आहे. मी चौकशी केली नाही. पण खोटं कशाला बोलू, मी वाट बघत होते. तो परत यावा म्हणून नाही. तो येऊन "माझं चुकलं" म्हणेल, आणि मी ते ऐकेन, म्हणून. हॉटेलच्या चादरी इस्त्री करताना मी त्याच्या तोंडी ते वाक्य कितीदा घातलं असेल, कितीदा बदललं असेल! कधी तो रडत म्हणायचा, कधी खाली मान घालून. मी काय उत्तर देईन ते मात्र कधी ठरलं नाही.

आणि तो खरंच आला. ऐन गर्दीच्या वेळी काउंटरसमोर येऊन उभा राहिला. वाळला होता, खोकत होता. म्हणाला, "तुला एक सांगायचं होतं."

पुढे तीन गिऱ्हाइकं कान टवकारून उभी! मी म्हटलं, "मागे जाऊन बस. हे उरकलं की ऐकते."

तिथे मी चुकले. गिऱ्हाइकं गेली खड्ड्यात, तिथल्या तिथे वदवून घ्यायला हवं होतं. मी मागे गेले तोवर हा मळक्या चादरींच्या ढिगावर झोपला होता आणि अंगात ताप फणफणला होता. तापातलं बोलणं मला नको होतं. शुद्धीवर असताना, दोन पायांवर उभं राहून म्हणायला हवं होतं. म्हणून मी त्याला गोळ्या दिल्या, पेज दिली, मागच्या खोलीत पथारी घालून दिली. ताप उतरेपर्यंत थांबायचं, एवढाच माझा हिशेब.

शनिवारी फादर झगा न्यायला आले आणि त्यांनी मागच्या खोलीत डोकावून पाहिलं. नवरा माझ्या कपातून चहा पीत होता. फादरांचे डोळे लगेच भरून आले. त्यांचे डोळे तसे फार पटकन भरतात. त्यांनी मला काही विचारलं नाही. नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी प्रवचनात "आपल्यातलीच एक भगिनी" आली. तिनं दार उघडलं. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. तिनं अकरा वर्षांचं दुःख एका चहाच्या कपात विरघळवलं. "बंधुभगिनींनो, क्षमा म्हणजे हेच!" माना वळल्या. माझ्या शेजारी बसलेला नवरा, ज्याला मी कसंबसं रिक्षात घालून आणलं होतं, हुंदके देऊन रडायला लागला. बाहेर पडल्यावर लोकांनी त्याला मिठ्या मारल्या. माझ्या नणंदेनं, जी अकरा वर्षं मला रस्त्यात पाहून पलीकडच्या बाजूला जायची, तिनं माझे दोन्ही गाल धरले. "वहिनी, तू देवमाणूस आहेस गं!"

घरी येताना नवऱ्याची पाठ ताठ झाली होती. जेवताना म्हणाला, "आमटीत मीठ कमी आहे."

मी म्हटलं, "तुला काहीतरी सांगायचं होतं ना?"

"आता काय सांगायचं राहिलं?" तो म्हणाला. "फादर बोलले की सगळं. झालं गेलं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. अकरा वर्षं ज्या एका वाक्यासाठी मी दात आवळून काढली, ते वाक्य या माणसाच्या जिभेवर आलं होतं, आणि फादरांनी ते उचलून, धुऊन, घडी करून परस्पर कपाटात ठेवून दिलं होतं.

त्याच दिवशी मुलीचा फोन आला. आत्यानं तिला कळवलं होतं, हौसेनं. मुलगी एवढंच म्हणाली, "तू माफ केलंस ते तुझ्यापुरतं. माझ्या नावानं करू नकोस." आणि फोन ठेवला. मी परत लावला, तिनं उचलला नाही. आठवडाभर उचलला नाही. रोज न चुकता फोन करणारी माझी पोरगी.

शनिवारी फादर आले तेव्हा मी चहा ठेवला नाही.

"फादर, उद्या माइकवरून सांगा, की तुम्ही बोललात ते खरं नव्हतं."

त्यांना आधी गंमत वाटली. मग माझा चेहरा पाहून हसू मावळलं. "ताई, तुम्ही दार उघडलंत. तीच तर क्षमा."

"दुकानाचं दार आहे ते. सगळ्यांनाच उघडं असतं."

"पण तुम्ही त्याची सेवा केलीत."

"त्याच्याकडून ऐकायचं तर तो जिवंत लागतो म्हणून केली."

फादर खुर्चीवर बसले. समजुतीच्या सुरात म्हणाले, "क्षमा ही मागण्याची वाट बघत नसते. प्रभूनं वाट पाहिली का?"

"प्रभूनं स्वतः केली ना? त्यांच्या वतीनं दुसऱ्या कोणी जाहीर नाही केली."

आता त्यांचाही पारा चढला. गोरेपान कान लाल झाले. "खरं सांगू का? तुम्हाला त्याचा पश्चात्ताप नकोच आहे. तुम्हाला त्याला पायाशी लोळवायचंय. हा सूड आहे!"

"असेल सूड. पण माझा आहे. तुम्ही कोण तो वाटून टाकणारे?"

"प्रवचन मागे घेत नसतात," ते उठत म्हणाले. "झगा द्या."

मी दिला. धुतला होता, स्वच्छ होता. फक्त पिळून, बोळा करून वाळवलेला होता. इस्त्री मी केली नव्हती आणि सांगितलंही नाही. पिशवीचं तोंड तेवढं घट्ट बांधून दिलं.

रविवारी फादर वेदीपाशी आले तेव्हा पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत खुसखुस पसरली. गळ्यापासून पायापर्यंत नुसत्या चुण्या! मला मनातून आनंद झाला, लपवत नाही. नणंद माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. नवरा बुटांकडे बघत होता.

प्रवचनाची वेळ झाली. फादरांनी स्वतःच्या बाहीकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, आणि मला त्यांचा तो सूर ऐकू आला. "बंधुभगिनींनो, आज माझा झगा पाहताय ना? चुण्या. आपल्या मनालाही अशाच..."

हा माणूस आता माझ्या रागातूनही प्रवचन काढणार होता! मी उठून उभी राहिले. कशी उभी राहिले ते मला माहीत नाही.

"पुरे करा, फादर," मी म्हटलं. "ती भगिनी मी आहे, सगळ्यांना माहीत आहे. मी माझ्या नवऱ्याला माफ केलेलं नाही. त्यानं अजून माफी मागितलेली नाही. मागायला आला होता, तुम्ही मध्येच देऊन टाकलीत."

नणंदेनं माझी बाही ओढली. मी बसले नाही. माइक कुईं करून वाजला आणि गप्प झाला. फादरांनी चुरगळलेली बाही हातानं सरळ केली. मला वाटलं, आता मला बाहेर काढतील.

"बाई खरं बोलतायत," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता, त्यातली साय गेली होती. "मी त्यांना विचारलं नव्हतं. मला ती गोष्ट आवडली, म्हणून मी ती खरी धरली. माझं चुकलं, ताई."

आणि प्रवचन तिथेच संपलं. इतकं छोटं प्रवचन आमच्या चर्चनं कधी ऐकलं नव्हतं.

आता गंमत बघा. सगळं चर्च पुन्हा माझ्याकडे बघायला लागलं, मी फादरांना लगेच, तिथल्या तिथे, माफ करावं म्हणून! मी मान हलवली आणि खाली बसले. ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ.  "माझं चुकलं" हे शब्द मी अकरा वर्षं ऐकायला बसले होते आणि ते भलत्याच माणसाकडून आले होते.

घरी आल्या आल्या नवरा कडाडला. "चार लोकांत अब्रू घालवलीस माझी!"

"होती का?"

"मी आलो होतो ना सांगायला! वाटेत सगळं पाठ केलं होतं. फादर बोलले आणि सुटल्यासारखं वाटलं मला. आता काय करू, पाया पडू तुझ्या?"

"नको. पाठ केलं होतंस ते म्हण."

तो इस्त्रीच्या टेबलाशी उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं.  "विसरलो," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, खरंच विसरला होता. मला त्याला थोबाडीत मारावीशी वाटली.

"मग पाठ न केलेलं म्हण."

तो टेबलावरचा जळका डाग नखानं खरवडायला लागला. मग म्हणाला, "मी गेलो तेव्हा पोरगी जागी होती. जिन्यात आली. विचारलं, बाबा कुठे चाललास? मी म्हटलं, दूध आणायला."

 हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी पोरगी दुपारपर्यंत जिन्यात बसून होती. मी तिला काळा चहा दिला तर म्हणाली, "थांब, दूध येतंय." मला वाटलं, धक्क्यानं बरळतेय. नंतर तिनं हा विषय काढला नाही, एकदाही नाही. आणि मी इतकी वर्षं समजत होते की तो मला सोडून गेला.

"माझं चुकलं," तो म्हणाला. आता रडत होता, खरं रडत होता. "तू एकदा म्हण, माफ केलं म्हणून."

वाक्य आलं होतं. मी ठरवलेल्या सगळ्या वाक्यांपेक्षा साधं होतं. आणि मला ते घेता येईना.

"मी नाही म्हणणार," मी म्हटलं. मी माझा फोन काढला, मुलीचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि त्याच्या हातात दिला. "आधी तिला सांग."

"ती उचलणार नाही."

"नाही उचलला तर उद्या लाव. परवा लाव."

तो नको नको म्हणत असतानाच पलीकडून आवाज आला, "बोल, आई. आत्यानं सांगितलं, चर्चमध्ये तू काय बोललीस ते." आठवड्यानं पहिल्यांदा.  नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे बोट दाखवलं.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "बाबा."

फोन तिनं ठेवला नाही. आम्ही दोघं तिच्या श्वासाकडे कान लावून उभे होतो. मग ती अगदी सावकाश, एकेक शब्द तोडत म्हणाली,

"मिळालं का दूध?"