पहिला अर्थ शेवटी
“अर्थ अकरावा. नाक वाहणे. उदाहरण, ‘सकाळपासून माझं नाक वाहतंय.’” चिमणीने वाचलं आणि खरोखरच रुमालाने नाक पुसलं.

“पुढे वाच,” काकू म्हणाल्या. “कोशात लिहिलंय म्हणून लगेच प्रयोग करून दाखवायला नको.”

शब्दकोशाच्या कचेरीत मुद्रितं तपासायची हीच रीत होती. एकीने छापील पान मोठ्याने वाचायचं, दुसरीने हस्तलिखितावर पट्टी सरकवत ऐकायचं. टायपिस्टचा आवाज बारीक, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. काकूंना मात्र सगळे काकूच म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले मुख्य संपादकसुद्धा. काकू महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या, पण त्यांच्या खुर्चीकडे बघायची अजून कुणाची छाती नव्हती.

आज हातात होता तो ‘रन’. दिसायला एवढंसं इंग्रजी क्रियापद, पण पोटात काय काय घेऊन बसलेलं! नळाचं पाणी, तापलेलं अंग, धुण्यात उतरणारा कपड्याचा रंग, निवडणुकीला उभा राहिलेला माणूस, घराण्यात चालत आलेला आजार, सगळं त्यातच. काकूंचं त्यावर ठाम मत होतं. “इंग्रज माणूस शब्दांच्या बाबतीत कंजूष,” त्या म्हणायच्या. “एकाच सुनेला स्वयंपाकाला लावायचं, तिलाच धुण्याला, आणि पाहुणे आले की तिनेच हसायचं.” या सुनेची सगळी कामं नीट नोंदवण्यात काकूंची बरीच वर्षं गेली होती, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. का नसावा? असलं काम करणारं दुसरं कोण होतं?

चिमणी चौदाव्या अर्थाशी आली आणि गालात हसली. “चालवणे, सांभाळणे. उदाहरण एक, ‘ती शाळा चालवते.’ उदाहरण दोन, ‘दुकान मी चालवतो आणि मला बायको चालवते.’”

हे दुसरं वाक्य काकूंच्या नवऱ्याचं. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि कुणी विचारलं, काय, कसं चाललंय, की त्यांचं हेच उत्तर ठरलेलं. ते गेले त्या वर्षी काकूंनी वाक्य कोशात घातलं. संपादकसाहेबांनी तेव्हा भुवया चढवल्या होत्या. “काकू, एक उदाहरण आहे की आधी. हा शब्दकोश आहे, विनोदी मासिक नाही.”

“आधीचं मेलेलं आहे, साहेब. हे जिवंत आहे,” काकू म्हणाल्या होत्या. विषय तिथेच मिटला.

घरी सासूबाईंना हे कळल्यापासून त्यांना जरा तरतरी आली होती. मुलगा गेल्यावर त्यांनी बोलणंच सोडलं होतं. आता दारात येईल त्याला, अगदी विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही, त्या सांगत, “माझ्या मुलाचं बोलणं पुस्तकात येणार आहे.” आणि काकू चपला काढतात न काढतात तोच रोज विचारत, “आलं का गं छापून?” आज सकाळी काकूंनी छातीठोकपणे सांगितलं होतं, “आज शेवटचं वाचन, आई. संध्याकाळी पान छापायला जातंय.”

वाचन संपलं. चिमणीने खिडकीतून खाली पाहिलं. “माझी बस लागली वाटतं. आज धावावं लागणार.”

“जा, जा,” काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या हातातली पट्टी थांबली. “काय म्हणालीस?”

“बस लागली.”

“त्याच्या पुढचं.”

“धावावं लागणार.”

“बस खाली. पान पहिल्यापासून वाच. नुसते अर्थ वाच, उदाहरणं नकोत.”

चिमणीने वाचलं. यंत्र चालणे होतं. वाहणे होतं, उतरणे होतं, मोज्याचा धागा उसवत जाणेही होतं. धावणे नव्हतं. काकूंनी हस्तलिखित पाहिलं. तिथेही नव्हतं. पहिल्या अर्थाची जागा कोरी सोडलेली होती आणि समासात काकूंच्याच अक्षरात बारीक लिहिलं होतं, ‘शेवटी’.

नियम काकूंचाच होता. पहिला, साधा अर्थ शेवटी लिहायचा, कारण बाकीचे सगळे अर्थ पाहिल्याशिवाय साध्याला नेमके शब्द सापडत नाहीत. कचेरीत येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हा नियम घोकून घोकून शिकवला होता. ‘रन’चे नवे अर्थ मात्र निघतच राहिले, शेवट काही आलाच नाही, आणि कंपोझ करणाऱ्याने कोरी जागा पुसून पुढचे अर्थ वर ओढून घेतले.

काकूंची कानशिलं तापली. त्यांनी छापखान्याला फोन लावला. तिथे पानांची जुळणी करणाऱ्याला सगळे मिलिमीटर म्हणत, कारण तो तेवढीही जागा कुणाला सोडत नसे.

“पुढची पानं छापून झालीत, काकू,” तो म्हणाला. “हे एकच पान तुमच्यासाठी अडलंय. यातून खाली उतरलेली ओळ मी ठेवू कुठे, डोक्यावर? एक घाला, एक काढा. आणि लवकर सांगा, मशीन थांबलंय.”

तोवर साहेब येऊन उभे राहिले होते. सगळं ऐकल्यावर त्यांना हसू आवरेना. “काखेत कळसा म्हणतात तो हाच. आपण ‘रन’मध्ये धावणंच विसरलो?”

“आपण नाही. मी विसरले.”

“असू दे हो. मोज्याचा अर्थ काढा. तो कोण बघतंय?”

“जिचा मोजा उसवेल ती बघेल.”

साहेब वाकून पान पाहू लागले. त्यांचं बोट चौदाव्या अर्थावर आलं, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “मग ही शाळा काढा. मेलेलं वाक्य आहे, तुम्हीच म्हणाला होता. घड्याळजींचं राहू दे.”

काकूंनी पेन्सिल उचलली आणि शाळेच्या ओळीवर टेकवली. कुणी एका शब्दाने विचारलं नसतं. साहेबांनीच तर सांगितलं होतं. सासूबाई खिडकीशी बसलेल्या असतील, हेही त्यांना दिसत होतं. फार मोह झाला त्यांना.

“नाही,” त्या म्हणाल्या. “ज्याला अर्थच माहीत नाही, त्याला विनोद काय कळणार? शाळेवरून त्याला कळेल. आधी साधं, मग गमतीचं. साधं राहिलं म्हणूनच आज ही पाळी आली.”

आणि त्यांनी नवऱ्याच्या वाक्यावर सरळ रेघ मारली. स्वतःचा भयंकर राग आला होता, पण रेघ वाकडी गेली नाही. मग सगळ्या अर्थांच्या वर ‘धावणे’ आणि त्याच ओळीत मावेल असं एक उदाहरण लिहून त्यांनी कागद चिमणीकडे सरकवला. “फोनवर सांग त्याला. आणि तुझी बस गेली, तर रिक्षा करून देते.”

घरी सासूबाई दारातच होत्या. “आलं का गं?”

“नाही, आई. काढावं लागलं.”

“कुणी काढलं?”

“मीच. साहेब ठेवा म्हणत होते.”

सासूबाई खुर्चीत बसल्या. सुनेकडे न बघताच त्यांनी विचारलं, “मग तुझ्याच हाताला काय झालं होतं?”

काकूंनी काही लपवलं नाही. धावणं राहिलं होतं, जागा एकाच ओळीची होती, चूक आपली होती, सगळं सांगितलं.

“एवढी शिकलेली माणसं तुम्ही,” सासूबाई म्हणाल्या, “आणि धावणं राहिलं?”

“राहिलं.”

“त्याच्याऐवजी काय घातलंस?”

“‘शाळा सुटल्यावर मुलगा धावत आईकडे आला.’”

काकू पाणी आणायला उठल्या, तेव्हा सासूबाईंनी हात धरून सुनेला खाली बसवलं.

“धावत कसला, धडपडत यायचा. रोज उंबऱ्यात पडायचा. गुडघे कायम फुटलेले. तेवढंही लिहायचंस.”

“ओळ भरली होती, आई.”

“हं.” सासूबाईंनी ऐकू येणारा कान पुढे केला. “म्हण बघू परत.”

काकूंनी परत म्हटलं. या वेळी मुलगा उंबऱ्यात पडला, आणि उठून आईकडे आला.