हापशाजवळच्या एकोणीस सह्या

मी एक जुना हापसा आहे. भूम तालुक्यातल्या एका गावात, गल्लीच्या तोंडाशी, सिमेंटच्या ओट्यावर उभा आहे. गावाचं नाव मात्र सांगणार नाही. या गोष्टीत गावाची थोडी अब्रू जाते आणि थोडी वाढते, म्हणून नाव झाकलेलंच बरं.

मित्रांनो, माझा जन्म दुष्काळाच्या वर्षी झाला. बोअरची गाडी आली, दोन दिवस नुसता धुरळा उडाला आणि दोनशे चाळीस फुटांवर पाणी लागलं. बायकांनी मला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. सरपंचांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. तेव्हा मी जरा मिजाशीतच होतो. पुढे घरोघर नळ आले आणि मला कुणी विचारेना. माझ्या दांड्याला शेळ्या बांधू लागले. पण नळाला पाणी आठ दिवसांतून एकदा, तेही मनात आलं तर. मग सगळ्या घागरी पुन्हा माझ्याकडे वळल्या. मी मनाला लावून घेतलं नाही. खरं सांगायचं तर घेतलं, पण पाणी दिलं.

अकरा वर्षांपूर्वी जुन्या शाळेमागच्या पत्र्याच्या खोलीत वर्षाराणी राहायला आली. ती तृतीयपंथी. जन्मली तेव्हा सगळ्यांनी तिला मुलगा म्हटलं, पण आपण बाई आहोत हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. घरच्यांना ते सोसलं नाही. तिनं घर सोडलं आणि स्वतःचं नाव स्वतःच ठेवलं. आमच्या या कोरड्या मुलखात वर्षाराणी असं नाव घ्यायला छाती लागते. मला ती पहिल्याच दिवशी आवडली.

ती खव्याच्या भट्टीवर काम करायची. दूध आटवताना ढवळायचा सराटा क्षणभर थांबला तर खवा करपतो. तिच्या हातचा कधी करपला नाही. मालक तिच्या खव्याचं कौतुक करायचा, पण गिऱ्हाईक आलं की तिला मागच्या दारी जायला सांगायचा. माझ्याकडेही तेच. पहाटे रिकाम्या घागरी ओळीनं मांडल्या की तोच नंबर. तिची घागर कुणीतरी पायानं शेवटाला सरकवायचं. तिनं हापसल्यावर बायका माझा दांडा पाण्यानं धुऊन मग हात लावायच्या. दांडा धुवायला पाणी माझंच! मला भारी राग यायचा, पण हापशाला करकरण्यापलीकडे काय येतं? शेवटी ती भर दुपारी येऊ लागली. दांडा तापलेला असायचा, ती पदर गुंडाळून धरायची.

एकदा माझं वायसर झिजलं आणि पाणी वर येईना. महिनाभर सगळी गल्ली मला शिव्या देत राहिली. शेवटी वर्षाराणीनं अर्ज लिहिला, तालुक्याच्या कचेरीत सकाळपासून बसून राहिली आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला घेऊनच आली. पाणी सगळ्यांनी भरलं. तिचं नाव कुणी घेतलं नाही.

मग तिला रहिवासी दाखला हवा झाला. दाखला नसेल तर रेशन कार्ड नाही, मतदार यादीत नाव नाही, घरकुल तर लांबच. ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. ते म्हणाले, घर तुमच्या नावावर नाही, लाईट बिल नाही, शेजाऱ्यांचं लेखी आणा. ती दारोदार गेली. कुणाला चष्मा सापडेना, कुणाचा नवरा घरी नव्हता. ती माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि माझ्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "दुपारचं येती म्हणून मी कुणाला दिसत न्हाय. आता दिसाय पायजे."

दुसऱ्या दिवसापासून तिची घागर पहाटेच्या ओळीत. कुणी सरकवली की ती शांतपणे जागेवर आणून ठेवायची. भांडली नाही, ओरडली नाही, पण हललीही नाही. असं धैर्य मी फार थोड्या माणसांत पाहिलंय.

गल्लीच्या पुढारी म्हणजे गजराबाई. रोज पहिला नंबर त्यांचाच. त्या भडकल्या. त्यांनी आपली शिकलेली सून ज्ञानेश्वरी हिला बसवून ग्रामपंचायतीला अर्ज लिहायला लावला. तक्रार दमदार व्हावी म्हणून एकेक बाई भर घालत गेली. 'सदर व्यक्ती अकरा वर्षांपासून शाळेमागील खोलीत कायम राहते, आमच्याच हापशावर रोज पाणी भरते, तरी तिला बंदी करावी.' खाली एकोणीस सह्या. ज्ञानेश्वरीनं वाचून दाखवताना जरा अडखळून सासूकडे पाहिलं, पण सासू घाईत होत्या. अर्ज गेला, त्यावर शिक्का बसला.

वर्षाराणीला कुणकुण लागली. तिनं माहितीच्या अधिकारात त्याच अर्जाची नक्कल मिळवली आणि आपल्या दाखल्याच्या अर्जाला जोडली. शेजाऱ्यांचं लेखी मागितलं होतं ना? हे घ्या, एकोणीस शेजारी.

भाऊसाहेब खात्री करायला स्वतः माझ्यापाशी आले. सकाळची वेळ, वर्षाराणीसकट सगळी ओळ हजर. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, "गजराबाई, ही सही तुमची का?"

गजराबाई म्हातारपणी रात्रशाळेत सही शिकल्या होत्या. त्या सहीचा त्यांना कोण अभिमान! नाही म्हणावं तर सही गेली, हो म्हणावं तर वर्षाराणीचं काम झालं. सगळी ओळ त्यांच्या तोंडाकडे बघू लागली.

"सही माझीच हाय," त्या म्हणाल्या. "आन् अकरा वरीस ऱ्हाती ती, हेबी खरं हाय. खोटं कशाला बोलू?"

मला वाटलं, आता वर्षाराणी हसेल, जिंकल्याचा तोरा दाखवेल. तिनं तसं काही केलं नाही. तिचे डोळे भरून आले.

"मावशी, मला वाटायचं, मी कवा आले ते कुणाच्या ध्यानातच न्हाय," ती म्हणाली. "तुमच्या समद्यांच्या ध्यानात हाय की."

गजराबाई माझा दांडा धरून हापसू लागल्या. घागर भरून वाहू लागली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

आठवड्यात दाखला मिळाला. आता परंड्याहून, भूमहून तिच्यासारख्या कितीतरी जणी तिच्याकडे येतात. माझ्या ओट्यावर बसून ती त्यांचे अर्ज भरते, कुठल्या कचेरीत काय मागतात ते समजावते. मला पुन्हा थोडी मिजास चढली आहे.

मित्रांनो, माझ्या दांड्याला तेल घाला, ओट्यावर चिखल करू नका, हे तर मी सांगणारच. पण तुमच्यासमोरून रोज जाणारं माणूस इथलंच आहे, एवढं सांगायला तक्रारीची वाट पाहू नका.

परवा एक मास्तर घरांची यादी करायला आले होते. पत्र्याच्या खोलीकडे बोट दाखवून ते म्हणाले की दरवर्षी इथं 'बंद' असंच लिहितात, तसंच लिहितो. गजराबाई घागर भरत होत्या. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

"बंद कशानं? वर्षाराणीचं घर हाय त्ये. भट्टीवर गेलीय ती. सांजच्याला या."

मास्तरांनी लिहिलेलं खोडलं आणि नीट नाव विचारून घेतलं.