नावं सुरू झाल्यावर

आजोबांची नजर गेली त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी आजी त्यांना टीव्हीवरचा एक सिनेमा सांगते. पडद्यावर काय चाललंय तेवढं सांगायचं, पण आजीला तेवढं कुठलं पुरायला! नायिकेच्या घरचे पडदे मळलेत, त्या नायकाला कोणीतरी पोटभर जेवायला घाला, हेही ती सांगते. चुंबन आलं की “बोलताहेत दोघं” म्हणते. कोणी बोलत नाहीये हे आजोबांना ऐकूच येतं, पण ते गप्प बसतात.

त्या शनिवारी सकाळीच आजीची दाढ काढली होती. डॉक्टरांनी दिवसभर तोंड उघडायचं नाही असं बजावलं होतं. “चला, तुला गप्प बसवणारा माणूस भेटला एकदाचा,” असं आजोबा म्हणाले आणि आजी रुसून आत जाऊन झोपली. सिनेमा सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

माझं मन मुळीच थाऱ्यावर नव्हतं. पाच वाजता ढापण्या खाली येणार होता. जाड चष्म्यामुळे अख्खा वर्ग त्याला ढापण्या म्हणतो, मीसुद्धा म्हणते, फक्त गेल्या वर्षभरापासून जरा लाडाने. दुसऱ्या दिवशी तो जहाजांची इंजिनं शिकायला दोन वर्षांसाठी लांब चालला होता. आणि ‘आपलं हे इथेच थांबवूया’ असं मी त्याला आज सांगणार होते. वाक्य घोकून ठेवलं होतं.

सिनेमाही नेमका तसलाच निघाला. सतरा वर्षांची दोघं, घरच्यांचा विरोध, रडारड आणि शेवटी बस स्टँडवर हातात हात. संगीत चढलं, पडद्यावर कलाकारांची नावं सुरू झाली. “संपला,” मी म्हटलं आणि रिमोट उचलला.

“अगं, संपला कसा? पुढचं सांग की.”

“पुढे काही नाही आजोबा. नावं येताहेत.”

“तुझी आजी तर खरी रंगात येते तिथेच.”

मला आधी कळेचना. मग हळूहळू उलगडा झाला. नावं सुरू झाली तरी आजी थांबत नाही म्हणे. त्या दोघांचं लग्न कसं झालं, भाड्याच्या खोलीचं छप्पर कसं गळायचं, स्टोव्ह कोणी विझवला नाही यावरून कशी जुंपायची, सगळं सांगत बसते. सहा वर्षं! मला हसू आवरेना. बिचाऱ्या आजोबांना वाटत होतं, सिनेमे असेच असतात.

“चल, सांग. टिकतं का त्यांचं?”

“नाही टिकत,” मी फटकन म्हटलं. “तो परगावी शिकायला जातो. त्याआधीच ती त्याला नको म्हणून सांगते.”

“का गं? आवडेनासा झाला?”

“तसं नाही हो. तिला भीती वाटते. तिकडे गेल्यावर कधीतरी तो नको म्हणून सांगणारच. मग त्याने सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेलं काय वाईट?”

“आणि तो काय म्हणतो त्यावर?”

“त्याला अजून सांगितलं कुठेय!”

बोलून गेले आणि जीभ चावली. आजोबांनी चाचपत माझा हात धरला. मग मात्र मला रडूच फुटलं.

“सिनेमा कुठे संपतो ते मला कळत नाही असं वाटतं तुला?” ते हळू आवाजात म्हणाले. “डोळे गेलेत, अक्कल नाही गेली. मी दुकानांच्या पाट्या रंगवायचं शिकायला दोन वर्षं लांब होतो. तुझ्या आजीला एकवीस पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही. परत येऊन विचारलं तर म्हणाली, वेळ नव्हता. पन्नास वर्षं तेच उत्तर. आणि मागच्या वर्षी अशीच कुठल्याशा सिनेमाची नावं चालू असताना म्हणाली, ती मुलगी रोज पोस्टमनची वाट बघायची. पत्र उशीखाली घेऊन झोपायची. पण उत्तर लिहायचा धीर व्हायचा नाही, आपण जीव लावायचा आणि त्याला तिकडे दुसरी कोणी भेटायची, म्हणून. मी हूं का चूं केलं नाही. केलं असतं तर पुढचं सांगणं बंद झालं असतं. तूही बोलू नकोस तिला.”

बोलायची गरजच उरली नव्हती. आजी दारात उभी होती, गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. कधीची उभी होती देव जाणे. मला डोळ्यांनी दटावून ती आजोबांशेजारी येऊन बसली आणि तिने त्यांच्या दंडाला सणसणीत चिमटा काढला. हात मात्र तिथून काढला नाही.

“पोचलं हं उत्तर,” आजोबा म्हणाले.

मी डोळे पुसून खाली गेले. ढापण्या सायकल धरून उभा होता.

“तू तिकडे जाऊन मला विसरशील अशी भीती वाटते मला,” मी म्हटलं. “इतकी, की आज तुला नकोच म्हणणार होते.”

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

“मला वाटलंच होतं,” तो म्हणाला. “आत्तासुद्धा दोनदा अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो. म्हटलं, भेटलोच नाही तर तुला नको म्हणताच येणार नाही.”