कोरड्या नळाची परीक्षा

‘नळ निरीक्षकांच्या सर्व नेमणुका सेवाप्रवेश नियमांनुसारच झाल्या आहेत,’ असा खुलासा पालिकेने केला, तेव्हा खाडीलगतच्या एका नव्या इमारतीतली अकरा माणसे काविळीने अंथरुणाला खिळली होती. तिथल्या नळाच्या वाहिन्या गळतात का, हे पाण्याचा दाब देऊन न बघताच निरीक्षक मयूरने ‘योग्य’ म्हणून सही ठोकली होती. आता त्याची नोकरी जाणार होती.

खुलासा डोंबिवलीत वाचणाऱ्या निवृत्त त्र्यंबकरावांना त्यात एकही शब्द खोटा सापडेना, आणि म्हणूनच त्यांनी तो पुन्हा वाचला. चार वर्षांपूर्वी, पालिकेत आस्थापना अधिकारी असताना, निवड समितीचे इतिवृत्त त्यांनीच लिहिले होते. नियमाला तीन गोष्टी हव्या होत्या. परवाना मयूरकडे होता. पाच वर्षांच्या अनुभवाचा दाखलाही होता, सख्ख्या काकाने दिलेला. तिसरी गोष्ट, उमेदवाराने समितीसमोर नळाचा सांधा जोडावा आणि पाण्याच्या दाबाखाली तो गळू नये. इतिवृत्त सांगत होते, ‘सांधा गळला नाही.’ गळणार कुठून? परीक्षा शुक्रवारी होती आणि दर शुक्रवारी त्या भागाचे पाणी पालिका स्वतःच बंद ठेवी. सातही उमेदवार उत्तीर्ण झाले.

मयूरच्या चौकशीत त्यांनाही बोलावले होते. त्या दिवशी दालनाबाहेरच्या बाकावर मयूर भेटला. कोलशेतचा, आजोबांची पिढी मिठागरात राबली, आता त्याच जमिनींवर इमारती.

“सर, तुम्ही कशाला आलात? मी तुमचं नाव घेतलेलं नाय.”

“का नाही घेतलंत?”

“आजी बोलली, ज्यानं नोकरी लावली त्याला गोवायचा नाय. घरात भाडी येतात, पण सरकारी नोकरीवाला मी एकटाच ना. माझं ओळखपत्र ती देवघरात ठेवायची. सस्पेंड झालो तेव्हा जमा करायला लागलं. तिला सांगितलंय, धुवायला दिलंय.”

“ओळखपत्र? धुवायला?”

“तिला वाचता येत नाय, सर. विश्वास ठेवते.”

वाचता येणाऱ्या अकरा माणसांनीही एका सहीवर विश्वासच ठेवला होता.

आत चौकशी अधिकारी देवयानीबाईंनी इतिवृत्त पुढे सरकवले.

“सही तुमचीच?”

“माझीच.”

“बस, एवढंच हवं होतं. निघालात तरी चालेल.”

ते निघाले नाहीत. त्यांनी कोरा कागद मागितला. त्यावरचा जबाब शब्दशः असा:

‘परीक्षेच्या दिवशी नळाला पाणी नव्हते, हे मला ठाऊक होते. परीक्षा पुढे ढकलली असती तर भरतीची मुदत उलटली असती आणि ठपका माझ्यावर आला असता. दाब न देता सांधा पक्का आहे हे कसे कळणार, असे मयूरने मला विचारले होते. मी त्याला म्हणालो, तुमचे काम जोडण्याचे, बघण्याचे काम आमचे. मी बघितले नाही.’