रंगाऱ्याच्या पोरीची सूर्यचूल

मी खोका बोलतोय. खोक्याला कसलं आलंय आत्मवृत्त, असं म्हणून पान उलटू नका. माझ्या पोटात जे घडलं ते भल्याभल्या कपाटांच्या नशिबी नसतं.

माझा जन्म एका पंख्यासाठी झाला. कारखान्यात जाड पुठ्ठ्याला घड्या पाडून मला उभं केलं, पोटात पंखा बसवला आणि अंगावर 'ही बाजू वर' असा ठसठशीत शिक्का मारला. त्यानंतर घरी पोचेपर्यंत एकाही माणसाने मला त्या बाजूने ठेवलं नाही. माणसं वाचायला शिकतात, पण खोक्यावरचं वाचत नाहीत, हे मला तेव्हाच कळलं.

पंखा गेला एका रंगाऱ्याच्या घरी. तो भिंतीवर चढला आणि मी पलंगाखाली गेलो, झिजलेले ब्रश आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या शेजारी. तिथून मला ओढून काढलं ते रंगाऱ्याच्या मुलीने.

ती सातवीत होती. घरात तिला सगळे 'वकील' म्हणायचे, कारण ती बोलायचीच नाही. पोरगी हुशार होती. वर्गात उत्तर यायचं, पण चार माणसांसमोर उभं केलं की तोंडाला कुलूप लागायचं. आणि शाळेत भरणार होतं विज्ञान प्रदर्शन. विज्ञानाच्या बाईंनी वर्गात सांगून टाकलं होतं, "वस्तू साधी असली तरी चालेल. पण ती समजावून सांगायची तुमची तुम्ही. तुमच्या वतीने दुसरं कुणी बोलणार नाही."

वकिलाने माझी सूर्यचूल करायची ठरवली. माझ्या पोटात एक लहान खोका बसवला, मधल्या फटीत रद्दी कागदाचे बोळे कोंबले, आतून काळा कागद चिकटवला. वर काच आणि झाकणाला चकचकीत कागद, म्हणजे ऊन त्यावर आपटून आत येणार. गच्चीवर तिने माझ्यात मेणबत्तीचा तुकडा ठेवला. हवेत गारवा होता, तरी त्या मेणाचं पाणी झालं. ती नाचली. खरंच नाचली, आणि मग माझ्यापुढे उभी राहून भाषणाचा सराव करू लागली. माझ्यासमोर तिची गाडी सुसाट सुटायची. खोक्याला कोण लाजतं?

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती शाळेत टेबलं मांडायला गेली, आणि रंगारी बाबांची नजर माझ्यावर पडली.

"रंगाऱ्याच्या पोरीची वस्तू आणि ही अशी कळकट?" ते म्हणाले.

"तिला विचारा तरी आधी," आई शिवणयंत्रावरून म्हणाली.

"विचारलं तर गंमत काय राहिली?"

त्यांनी माझ्या पोटातला सुरकुतलेला काळा कागद फाडून काढला. बाहेरून मला आभाळी निळा रंग दिला आणि आतून पांढराशुभ्र, तुकतुकीत, दोन हात. अहो, काय सफाई होती त्या हाताला! कोपऱ्यात ब्रश पोचेना तर त्यांनी बोटाला फडकं गुंडाळून रंग लावला. इतक्या मायेने मला आजवर कुणी हात लावला नव्हता. मी खुशीत होतो. माझ्या अकलेची धाव तेवढीच.

संध्याकाळी मुलगी आली. बाबा ब्रश हातात घेऊन कौतुकाची वाट बघत उभे.

"कसा झालाय?"

"छान," ती म्हणाली. पण तिचा चेहरा पडला होता.

"काय चुकलं गं?"

"आत काळाच लागतो, बाबा. काळा रंग ऊन धरून ठेवतो."

बाबा काळ्या रंगाचा डबा शोधू लागले. "आत्ता काळा मारतो."

"सकाळपर्यंत वाळणार नाही, आणि काळा कागदही उरला नाही. राहू दे."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात, उन्हाच्या पट्ट्यात माझं टेबल लागलं. काय गजबज होती म्हणून सांगू! एकीचा कागदी पूल कोसळत होता आणि ती दर वेळी तो नव्या घडीने उभारत होती. शेजारच्या टेबलावर कप्पीची क्रेन होती. तिथे मुलाला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याचे वडीलच देत होते. परीक्षक होत्या एक पांढऱ्या केसांच्या आजी, पूर्वी मोठे पूल बांधणाऱ्या इंजिनिअर. त्यांनी वडिलांना शांतपणे विचारलं, "तुम्ही कितवीत आहात?" सगळा व्हरांडा हसला. वडीलही हसले आणि निमूट मागे सरकले.

मग आजी आमच्याकडे आल्या. माझ्या पोटातलं मेण दगडासारखं बसून होतं.

"ढग आले होते म्हणून सांग," शेजारचा क्रेनवाला मुलगा कुजबुजला. सोपी सुटका होती. तिने माझ्या काचेवर हात ठेवला. आता ही गप्प बसणार आणि सगळी मेहनत पाण्यात जाणार, असं मला वाटलं.

"मेण वितळलं नाही," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक, पण आला. "आतून पांढरा रंग आहे. पांढरा रंग ऊन परत पाठवतो."

"कशावरून?" आजींनी विचारलं.

"पुस्तकात आहे."

"पुस्तकात आहे ते बरोबरच आहे. पण इथे, मला कशावरून कळणार?"

मुलीने माझ्या पोटात वाकून बघितलं. मग म्हणाली, "थोड्या वेळाने परत याल?"

आजींची पाठ वळताच ती कामाला लागली. पूलवालीकडून काळा कागद मागितला, क्रेनवाल्याकडून कात्री. मधे पुठ्ठ्याची भिंत घालून माझ्या पोटाचे दोन भाग केले. एक पांढराच ठेवला, दुसऱ्यात काळा कागद चिकटवला. दोन्हीकडे मेणाचा सारखाच तुकडा ठेवून काच लावली. पोरं जमली. "आधी कुठलं वितळेल?" ती त्यांना विचारू लागली, आणि पोरं तिला विचारू लागली. निळा कागद लावला तर? काच काढली तर? काहींची उत्तरं तिला येत होती, काहींना ती बिनधास्त म्हणायची, "माहीत नाही, करून बघू." प्रत्येक वेळी तिचं सांगणं आधीपेक्षा सोपं होत गेलं. माझ्यासमोर पाठ केलेलं भाषण ती केव्हाच विसरली होती.

काळ्या भागातलं मेण कडेने सुटलं आणि पसरलं. पांढऱ्या भागातलं जसंच्या तसं. परत आलेल्या आजींना तिने दोन्ही दाखवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हा पांढरा भाग माझ्या बाबांनी रंगवलाय. तो नसता तर काळ्याने फरक पडतो हे मी दाखवूच शकले नसते."

गर्दीच्या मागे धुतलेला शर्ट घालून बाबा उभे होते. ते कधी आले, तिला ठाऊकच नव्हतं.

पहिलं बक्षीस पूलवालीला गेलं, आणि ते योग्यच होतं. मी मात्र शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीपाशी राहिलो. दर वर्षी नवी पोरं काळ्या भागात हिरवा, लाल, चंदेरी असे कागद लावून बघतात आणि कडाकडा भांडतात. रंगारी आता उकाड्याने हैराण झालेल्या गिऱ्हाइकांना गच्ची पांढरी करून घ्यायला सांगतो आणि पटवायला त्यांच्यासमोर दोन पत्रे, एक पांढरा आणि एक काळा, उन्हात ठेवतो.

माझ्या कडा आता भिजून फुगल्यात, झाकण लुळं पडलंय. कधीतरी रद्दीत जाईन, त्याचं दुःख नाही. तुम्हाला एवढीच विनंती, तुमच्या पोरांच्या शाळेत प्रदर्शन भरलं तर जा. त्यांच्या वतीने बोलू नका, मागे उभं राहून ऐका. तो रंगारी त्या दिवशी तसाच उभा होता. मुलीने नंतर मला सांगितलं, घरी गेल्यावर आईने त्याला विचारलं, "मेण कसं वितळलं हो?" तो म्हणाला, "कुणास ठाऊक. मी तिच्याकडेच बघत होतो."